ड्रॅक्युला चांगला कधीपासून झाला?

मेघना_सिडनी

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एका घरी जुनं सामान विकायला काढलं होतं. तिथे दोन डॉलरला डीव्हीडीचा एक संच मिळाला, 'ड्रॅक पॅक'. नाव कधी ऐकलं नव्हतं, पण डब्यावर हॅना-बार्बेरा लिहिलेलं, म्हणजे स्कूबी-डूवाले, म्हणून उचलला. घरी येऊन शोधल्यावर कळलं की हे १९८० साली अमेरिकेत सीबीएसवर दर शनिवारी सकाळी लागायचं. सोळाच भाग निघाले. आणि काढलं होतं चक्क इथे, त्यांच्या सिडनीच्या स्टुडिओत.

गोष्ट अशी. ड्रॅक, फ्रँकी आणि हाउलर असे तीन मित्र. एक ड्रॅक्युलाच्या कुळातला, दुसरा फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाच्या, तिसरा लांडगामाणसाच्या. पूर्वजांनी लोकांना फार छळलं, त्याची भरपाई म्हणून ही पोरं जगाला वाचवत हिंडतात. एरवी साधी कॉलेजातली मुलं दिसतात, तिघांनी उजवे हात एकमेकांवर आपटले की आपल्या अक्राळविक्राळ रूपात येतात. वर देखरेखीला खुद्द थोरला ड्रॅक्युला. त्याला ही पोरं 'बिग डी' म्हणतात आणि तो सदा वैतागलेला. समोर डॉ. ड्रेड नावाचा खलनायक. त्याच्या टोळीचं नाव 'ओगर', त्याचा अर्थ साधारण 'एकंदरीत सडक्या उद्योगांची संघटना' असा होतो. टोळीत टोड, फ्लाय, ममीमॅन आणि व्हॅम्पिरा.

पहिला भाग ('कलर मी ड्रेडफुल') बघताना आमचे साडेसात वर्षांचे चिरंजीव खूश होते. मग एकदम थांबवायला लावलं. म्हणे, "आई, व्हॅम्पिरा पण व्हॅम्पायरच आहे ना? मग ती वाईट आणि ड्रॅक चांगला, हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, तिचे उद्योग वाईट आहेत म्हणून. त्यावर, "पण ड्रॅक्युला आधी वाईट होता ना? मग चांगला कधीपासून झाला?"

माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही असली भुतं-नायक कार्टूनं पाहिली असतील तर लिहा. आणि पोराला काय सांगू तेही.

अवली_कारटं

आमच्याकडेही बिग डी आहेत. बाबांचे वडील. सदा वैतागलेले असतात, पण दात रात्री वाटीत काढून ठेवतात, त्यामुळे धोका नाही.

नगरी_मिरची

सडक्या उद्योगांच्या संघटनेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे झाली आहे का? वार्षिक सभा कधी असते?

स्वराली_क

छान धागा. पण खरं सांगू का, मला ही चांगली भुतं पटतच नाहीत. भुताने घाबरवावं. आजोळी अंगणाच्या कोपऱ्यातल्या पिंपळावर मुंजा आहे म्हणून आम्ही सातच्या आत घरात असायचो. आता त्याच मुंजाला टोपी घालून नाचवायचं आणि त्याच्या तोंडून दात घासायला सांगायचं, म्हणजे दोन्ही गेलं. भीती पण गेली आणि गोष्ट पण.

शंकासुर

@मेघना_सिडनी, मुलाला खरं उत्तर द्यायचं असेल तर सांगा, ड्रॅक्युला १९७१ साली चांगला झाला. त्या वर्षी जनरल मिल्सने दोन खाऊ बाजारात आणले, काउंट चोक्युला आणि फ्रँकन बेरी. दुधात घालून खायचे ते गोड दाणे हो. शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसलेल्या पोरांना ज्याच्या तोंडून साखर विकायची, तो मान चावणारा असून कसा चालेल? दात राहिले, चावणं गेलं. बाकी सगळं तत्त्वज्ञान नंतरचं.

डॉक्टर_निवांत

फ्रँकन बेरीवरून आठवलं. जेवत असाल तर पुढचा प्रतिसाद वाचा.

१९७२ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची केस छापून आली. शी लालगुलाबी होते म्हणून बिचाऱ्याला दवाखान्यात दाखल केलं. रक्तस्राव समजून सगळे तपास झाले आणि काहीही सापडलं नाही. शेवटी निघालं काय, तर तो फ्रँकन बेरी खात होता आणि त्यातला रंग पचत नव्हता. लेखाच्या शीर्षकातच 'फ्रँकन बेरी स्टूल' असा उल्लेख आहे. चांगल्या राक्षसानेही पोरांना घाबरवलं, फक्त दुसऱ्या दिशेने.

अवली_कारटं

डॉक्टर, मी बीट खाऊन हे स्वतः अनुभवलंय. रात्रभर मृत्युपत्र लिहीत होतो.

पुस्तकी_किडा

शंकासुर, ढकलून दिलंत जरा. १९७१ च्या आधीही चांगले राक्षस होते. यादी करत नाही, दोनतीन सांगतो.

१९६५ मध्ये एबीसीवर 'मिल्टन द मॉन्स्टर' आलं. त्यात एक प्राध्यापक राक्षस बनवतो. भांड्यात भीतीचा अर्क, दुष्टपणाचा रस्सा असं मोजून थेंब थेंब घालतो आणि मायेचा अर्क चुकून जास्त पडतो. झालं, राक्षस गरीब गाय निघतो. मेघनाताई, चिरंजीवांना हे उत्तर आवडेल बघा. आमटीत मीठ जास्त पडतं तशी राक्षसात माया पडली.

१९६६ मध्ये सीबीएसवर 'फ्रँकेनस्टाइन ज्युनियर', पण तो खरं म्हणजे यंत्रमानव, नावापुरता फ्रँकेनस्टाइन. त्याच वर्षी डेल कॉमिक्सने ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइन आणि वेअरवुल्फ या तिघांना सरळ सुपरहिरो करून टाकलं. १९७० मध्ये फिल्मेशनचे 'ग्रूव्ही गूलीज', पण ते जग वाचवत नव्हते, एका वाड्यात राहून विनोद करायचे आणि गाणी म्हणायचे.

या सगळ्याच्या मुळाशी १९५७ साल आहे. युनिव्हर्सलचे जुने ५२ चित्रपट स्क्रीन जेम्समार्फत 'शॉक थिएटर' या नावाने अमेरिकेतल्या स्थानिक टीव्ही केंद्रांना मिळाले. १९३१ चे ड्रॅक्युला आणि फ्रँकेनस्टाइन, १९३२ ची ममी वगैरे. ज्या चित्रांनी आजोबा थिएटरात किंचाळले, ती नातवंडांनी दिवाणखान्यात, घरच्या सोफ्यावर लोळत पाहिली. मधल्या जाहिरातीत साबण. त्या पोरांना हे राक्षस ओळखीचे पाहुणे वाटायला लागले. मासिकं आली, चिकटवून उभे करायचे प्लास्टिकचे पुतळे आले. मग कार्टून कंपन्यांनी तेच उचललं.

शिवाय एक व्यवहार. मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची, ब्रॅम स्टोकरची १८९७ ची. पात्रांच्या नावांसाठी कुणाला पैसे द्यायचे नव्हते. फक्त युनिव्हर्सलचा तो सपाट डोक्याचा आणि मानेत खिळे ठोकलेला चेहरा जसाच्या तसा घ्यायचा नाही, एवढं सांभाळायचं.

शंकासुर

म्हणजे फुकटात मिळाले म्हणून चांगले झाले. माझंच म्हणणं दुसऱ्या शब्दांत. धन्यवाद.

पुस्तकी_किडा

_/\_

मुक्ता_ना

मी स्कूबी-डू पक्षाची. 'घूल स्कूल' पाहिलंय का कुणी? १९८८ चा टीव्हीपट. शॅगी, स्कूबी आणि स्क्रॅपी एका मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षक म्हणून जातात आणि तिथे कळतं की विद्यार्थिनी म्हणजे ड्रॅक्युलाची, फ्रँकेनस्टाइनची, ममीची, लांडगामाणसाची आणि एका भुताची मुलगी. शेजारी लष्करी शाळा. त्या मुलांशी व्हॉलीबॉलचा सामना असतो. आम्ही भावंडं तो सामना इतक्या वेळा पाहायचो की आईला स्कोअर पाठ झाला होता.

मला त्यात आवडायचं ते हे की शॅगी जीव मुठीत धरून शिकवतो, पण शिकवतो. पालक भेटायला येणार म्हटल्यावर त्याची तंतरते. माझ्या पहिल्या नोकरीत पालकसभेच्या दिवशी माझी अवस्था अगदी तीच होती.

आणि स्वराली, तिथे ममीची मुलगी चांगली आहे हं. म्हणजे जातीवर नाही काही.

स्वराली_क

ते मान्य. पण मूळ स्कूबी-डूमध्ये गंमत काय होती? भूत दिसायचं, पोरं पळायची आणि शेवटी मुखवटा ओढला की आत जमीन लाटणारा कुणीतरी काका. भुतं नसतात, माणसं लबाड असतात. १९६९ च्या त्या पोरांनी मला जेवढा विवेकवाद शिकवला तेवढा शाळेने नाही. मग त्याच स्कूबीला खऱ्या भुतांच्या शाळेत नोकरीला लावलं!

नगरी_मिरची

जमीन लाटणारा काका हे भूत नाही असं कोण म्हणतं? आमच्या सातबाऱ्यावर अजून बसलाय. उतरत नाही.

जर्सीकर

हा धागा वाचून राहवले नाही. माझे लेखी मराठी आईकडून आणि जुन्या दिवाळी अंकांवरून आलेले आहे, चुका पोटात घालाव्या.

माझा जन्म १९७१ चा, न्यू जर्सीमधला. 'ड्रॅक पॅक' मी ते लागत असे तेव्हाच पाहिले आहे. नऊ वर्षांचा होतो. शनिवारची व्यवस्था अशी असे: आईवडील आठवडाभर कामाने दमलेले, ते आठ-साडेआठपर्यंत झोपत. बहीण आणि मी हळूच खाली येत असू. टीव्हीचा आवाज दोन बोटे. वाटीत दाणे-दूध. (शंकासुर, चोक्युलाच. आई तिला 'भुताचे पोहे' म्हणत असे.) तीन नेटवर्क, तिन्हींवर दुपारपर्यंत कार्टून. रेकॉर्ड करण्याचे यंत्र आमच्या घरी नव्हते, म्हणजे जे चुकले ते चुकले. आमच्या मुलांना हे समजावून सांगता येत नाही.

कार्टून म्हणून सांगायचे तर 'ड्रॅक पॅक' काही थोर नव्हते. मागची चित्रे पुन्हा पुन्हा तीच. रूपांतराचा तुकडा प्रत्येक भागात तोच. तो का तोच असे हे मोठेपणी कळले: एकदा काढले की अर्धे मिनिट दर आठवड्याला फुकट. मारामारी म्हणावी तर कोणी कोणाला ठोसा मारत नसे. टोड चूक करी आणि स्वतःच्याच डोक्यावर बडवून घेई. आम्ही बहीणभाऊ भांडलो की तसेच करत असू, म्हणजे आई दोघांनाही सोडून देई.

पण मेघनाताईंच्या मुलाने जो प्रश्न विचारला, तो मला वेगळ्या कारणाने आठवतो. सीबीएसवर त्या काळी दोन कार्यक्रमांच्या मध्ये मुलांसाठी दोन-अडीच मिनिटांच्या बातम्या असत, 'इन द न्यूज'. १९८० ची शरद ऋतूतील ती वेळ. तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस होते. त्या बातम्यांत ते दिसले, दाढीवाले लोक, घोषणा, जळणारे झेंडे, आणि लगेच पुढे कार्टून. सोमवारी शाळेत दोन मुले मला 'इराणी' म्हणून ढकलत. इराण कुठे आणि मिरज कुठे, पण मी नऊ वर्षांचा, नकाशा काढून कोणाला दाखवणार?

त्यामुळे आपल्या आजोबांनी काय केले म्हणून ज्यांच्याकडे लोक वळून बघतात, अशी तीन मुले मला एकदम घरची वाटली. त्यांच्या तर निदान आजोबांनी काही केले होते! माझ्या आजोबांनी मिरजेत हार्मोनियम दुरुस्त केल्या. पण ड्रॅक जिथे जाई तिथे आधी लोक किंचाळत, मग त्याने वाचवल्यावर थँक्यू म्हणत. मी दर शनिवारी त्या थँक्यूची वाट पाहत असे.

२० जानेवारी १९८१ ला ओलीस सुटले. शाळेतील ती मुले महिन्याभरात विसरली. एकाने नंतर माझ्याकडून बेसबॉलची कार्डे बदलून घेतली. मी विसरलो नाही एवढेच.

मुक्ता_ना

जर्सीकर, काय लिहिलंय. थांबून परत वाचलं.

शंकासुर

जर्सीकर, साखरवाला मुद्दा मागे घेत नाही, पण आता आवाज दोन बोटं करतो.

पुस्तकी_किडा

जर्सीकरांनी ठोशांचा उल्लेख केला त्यावर थोडं. ते आपोआप झालेलं नाही. साठच्या दशकात शनिवार सकाळ मारधाडीने भरली होती. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाल्यावर टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध वातावरण तापलं, त्याच वर्षी बॉस्टनकडच्या काही आयांनी 'अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. नेटवर्कनी मारामारीची कार्टूनं झपाट्याने काढून टाकली. पुढच्याच वर्षी स्कूबी-डू आलं ते याच पोकळीत. आता लेखकांपुढे पेच: नायक शक्तिमान पाहिजे, पण मारायचं नाही. मग फुंकर मारून उडवणारा लांडगा, वटवाघूळ होऊन निसटणारा ड्रॅक, दार उपटणारा पण माणसाला न उचलून आपटणारा फ्रँकी. राक्षस इथे फार उपयोगी पडतो. नुसतं दिसल्यावरच समोरचा पळतो, हात उगारावा लागत नाही.

अवली_कारटं

आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींना हे तंत्र अवगत आहे.

निनाद_पुणे

पौर्णिमेला लांडगा व्हायचं सोडून ही पोरं टाळी देऊन होतात, म्हणजे परंपरा मोडलीच की.

पुस्तकी_किडा

@निनाद_पुणे, कोणती परंपरा? १९४१ च्या 'वुल्फ मॅन'मध्ये पौर्णिमेचा नियम धड नाहीच. त्यातल्या पद्यात शरदातला उजळ चंद्र आहे, पूर्ण चंद्र १९४३ च्या पुढच्या चित्रपटात आला. उन्हात व्हॅम्पायर जळतो हेही स्टोकरच्या पुस्तकात नाही, तिथे ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त शक्ती कमी होतात. ऊन लागून मरणं १९२२ च्या जर्मन 'नोस्फेराटू'मधून आलं. राक्षसांचे नियम प्रत्येक पिढीने आपल्या सोयीने केलेत. ड्रॅक पॅकने टाळी आणली, त्यात काय बिघडलं?

निनाद_पुणे

बरं बाबा. पुण्यात राहून मला कुणी दुरुस्त करेल असं वाटलं नव्हतं.

नगरी_मिरची

थांबा थांबा. सगळ्यांनी उभे राहा. एक महत्त्वाची माहिती देतो, नगरकर या नात्याने.

फ्रँकेनस्टाइनचा राक्षस ज्याने १९३१ साली केला तो बोरिस कार्लोफ. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याच्या आईची मावशी म्हणजे अॅना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या पोरांना शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध बाई. आणि ही अॅना जन्मली कुठे? १८३१ साली, अहमदनगरला! (आता अहिल्यानगर म्हणा.) कार्लोफची आई सुरतेत जन्मलेली. म्हणजे हा राक्षस आमचा भाचेनातू लागतो. उगाच नाही त्याचं कपाळ असं नगरच्या किल्ल्याच्या बुरुजासारखं.

पुस्तकी_किडा

कधी नव्हे ते मिरचीची माहिती बरोबर आहे. कपाळाबद्दलची सोडून. ते जॅक पियर्स या रंगभूषाकाराचं काम.

स्वराली_क

नगरचा राक्षस म्हटल्यावर मात्र तो चांगला असूच शकत नाही. (दिवे घ्या.)

तात्या_सावंतवाडी

तुम्ही सगळे अमेरिकेत फिरताय म्हणून गप्प होतो. पण मूळ प्रश्न आमच्याकडे कधीच सुटलेला आहे.

आमच्या कोकणात नि गोव्यात वेताळ हा देव आहे. गावाचा राखणदार. आमोण्याला आहे, लोलयेला आहे, बेताळभाटी तर गावच त्याच्या नावाचं. उभी, उग्र मूर्ती. रात्री तो गावाच्या शिवेवर फिरतो अशी श्रद्धा. फिरून फिरून चपला झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या चपला वाहतात. माझ्या आजीने मला लहानपणी झिजलेले तळवे दाखवलेत. "बघ, काल खयखय फिरान इलोहा." आता हा चांगला की वाईट? आजीला विचारलं असतं तर तिने मलाच वेडा ठरवला असता. तो आपला आहे. बाहेरच्याला भितीचा, घरच्याला आधाराचा. त्याला चांगला होण्यासाठी दाढ काढावी लागली नाही की टोपी घालावी लागली नाही.

आणि दशावतारात संकासुर बघा. वेद चोरणारा राक्षस, म्हणजे खलनायक. पण आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, तो आला की पोरंटोरं पुढे सरकतात. काळा पोशाख, तोंडावर काळं, आणि बोलतो अस्सल मालवणीत. ब्रह्मदेवाची टर उडवतो, पुढच्या रांगेतल्या सरपंचालाही सोडत नाही. शेवटी विष्णू मारतो त्याला, ते बरोबरच. पण रात्रभर लक्षात राहतो तो हाच.

शंकासुर

तात्या, माझं नाव शेवटी कुणाला तरी कळलं. मी गुहागरकडचा. आमच्याकडे शिमग्यात संकासुर घरोघर येतो, कमरेला घुंगरं, तोंडाला मुखवटा, पांढरी दाढी. लहानपणी मी त्याला बघून माळ्यावर लपायचो आणि तो पुढच्या घरी गेला की त्याच्या मागे गावभर धावायचो. दोन्ही एकाच दुपारी.

स्वराली_क

बघा! हेच मी म्हणत होते. आधी लपायला पाहिजे, मग धावायला मजा. ड्रॅक पॅकमध्ये लपायला लागत नाही, तिथेच सगळं पाणचट होतं.

जर्सीकर

स्वरालीताई, मला वाटते लपणे तिथेही होते, पण पडद्यावर नव्हते. ज्यांचे आम्ही चित्रपट रात्री उशिरा दाराच्या फटीतून पाहून घाबरलो होतो, तेच सकाळी आमच्या बाजूने होते. रात्रीचा भाग जर्सीत अकरा नंतर असे. सकाळचा नऊच्या सुमारास. मधे झोप येत नसे.

स्वराली_क

हं. हे मात्र विचार करायला लावणारं आहे. अर्धं मान्य. अर्धं सोमवारी.

निनाद_पुणे

वेताळावरून, फँटमला मराठी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ म्हणायचे ते आठवतंय का? मी कित्येक वर्षं समजत होतो की वेताळ टेकडीवर तो जांभळे कपडे घालून राहतो. वडील फिरायला न्यायचे तर कवटीची गुहा शोधायचो. मिळाली नाही. मोर मिळाले.

मुक्ता_ना

आणि दूरदर्शनवरचा 'विक्रम और बेताल'! १९८५. पांढरे केस, ते हसणं, आणि राजा बोलला की उडून झाडावर. शनिवार त्यांचा, रविवार आमचा.

पुस्तकी_किडा

मुक्ता, अगदी ठीक जागी आलात. सगळे विक्रम-वेताळ म्हटलं की 'तू बोललास आणि मी चाललो' एवढंच आठवतात. शेवट कितीजणांना आठवतो?

वेताळपंचविशी सोमदेवाच्या कथासरित्सागरातही आहे, म्हणजे अकराव्या शतकात. राजा वेताळाला खांद्यावर टाकून आणतोय, कारण एका मांत्रिक साधूने मागितलंय. चोवीस कोडी होतात. चोविसाव्याचं उत्तर राजाला येत नाही, तो गप्प राहतो. तेव्हा वेताळच त्याला सावध करतो: हा साधू तुझाच बळी देणार आहे. तो म्हणेल साष्टांग नमस्कार घाल. तू म्हण, मी राजा, मला सवय नाही, तुम्ही करून दाखवा. तो वाकला की उडव मुंडकं. आणि राजा तसंच करतो.

म्हणजे गोष्टीत भगव्या वस्त्रातला साधू खलनायक आणि प्रेतात शिरलेलं भूत तारणहार. हजार वर्षांपूर्वी, कुठलाही खाऊ विकायचा नसताना.

शंकासुर

मान्य. पहिल्यांदाच लिहितोय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

अवली_कारटं

काढला. लॅमिनेट करतोय.

प्रशासक

धर्म आणि साधू या विषयावर धागा वळू नये ही विनंती. राक्षसांवर राहावे.

नगरी_मिरची

प्रशासक म्हणजे बिग डी. सदा वैतागलेले.

चिऊ_टोरांटो

उशिरा आले. एक प्रश्न, ही शनिवार सकाळ अजून असते का तिकडे? माझ्या मुलींना शनिवारचं कार्टून म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांना कधीही काहीही दिसतं.

जर्सीकर

नाही. केबलवर चोवीस तास कार्टून आले, मग सरकारी नियमाने दर आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रम दाखवणे आले, नेटवर्कना तो धंदा परवडेना. एनबीसीने १९९२ मध्येच सोडले होते. शेवटचा पट्टा सीडब्ल्यू वाहिनीवर होता, तो २७ सप्टेंबर २०१४ ला बंद झाला. त्या शनिवारी मी मुद्दाम उठून लावले. मुलगा खाली आला, म्हणाला, बाबा, फोनवर बघा ना. मी त्याला भुताचे पोहे दिले. एक घास खाऊन म्हणाला, हे फार गोड आहे.

मेघना_सिडनी

सगळ्यांचे खूप आभार. एवढं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. आता चिरंजीवांचा अहवाल देते.

मी त्याला तीन उत्तरं वाचून दाखवली. शंकासुरांचं साखरवालं त्याला लगेच पटलं, पण त्याचा निष्कर्ष 'मग आपण ते आणू या' असा निघाला. मायेच्या अर्काचं फार आवडलं. कालपासून कुणी ओरडलं की म्हणतो, तुझ्यात कमी पडलाय.

व्हॅम्पिराचं मात्र त्याने स्वतःच सोडवलं. आम्ही आणखी तीन भाग पाहिले. त्याचं म्हणणं, तिला ड्रॅक आवडतो, हे सगळ्यांना दिसतं, तरी एकदाही तिला कुणी हात पुढे करून टाळी मागितली नाही. "त्यांनी विचारलंच नाही तिला." मी सोळा भाग पुढेमागे करून तपासणार आहे, पण मला वाटतं पोरगं बरोबर आहे.

तात्या, वेताळाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि काही बोलला नाही. रात्री बघते तर स्वतःचे जुने सँडल मागच्या दाराबाहेर नीट जोडीने ठेवलेले. सकाळी उठून आधी तेच बघायला धावला. ओले होते आणि एकाला चिखल लागला होता. पहाटे इथे सर येऊन गेली होती, ते मी सांगितलेलं नाही.

तात्या_सावंतवाडी

सांगू पण नका.

नगरी_मिरची

लहान मुलाचे सँडल वेताळाला बसले म्हणजे सिडनीची शाखा नवीन आहे. पुढच्या वेळी एक साइज मोठा ठेवा.